संत बॉनिफेस आणि पहिला ‘ख्रिसमस ट्री’: एका कथेचा प्रतिवाद

नाताळ जवळ आला की एक कथा हटकून फिरू लागते. आठव्या शतकात संत बॉनिफेस या धर्मप्रसारक बिशपने जर्मनीत नाताळच्या पूर्वसंध्येला एका मुलाला बळी जाण्यापासून वाचवले, मूर्तिपूजकांचा पवित्र ओक वृक्ष एकट्याने पाडला, तिथे फर या सूचिपर्णी वृक्षाचे रोप उगवले आणि तोच पहिला ख्रिसमस ट्री ठरला, असे त्यात सांगितलेले असते.

यातील वृक्ष पाडल्याचा प्रसंग तेवढा जुन्या आधाराचा आहे. बॉनिफेसच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत विलिबाल्ड नावाच्या धर्मगुरूने लॅटिनमध्ये त्याचे चरित्र लिहिले. त्यानुसार ७२३च्या सुमारास जर्मनीच्या हेस प्रदेशातील गाइस्मार येथे बॉनिफेसने ओकवर घाव घालताच जोराच्या वाऱ्याने वृक्ष कोसळला, त्याचे चार भाग झाले आणि त्या लाकडातून संत पीटरच्या नावाचे प्रार्थनामंदिर बांधले गेले. या वर्णनात नाताळ नाही, मूल नाही आणि फरही नाही. ही भर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका अमेरिकन लेखकाच्या कथेमुळे सर्वदूर पोहोचली. घरात सजवलेल्या फरच्या झाडांचे स्पष्ट वर्णन स्ट्रासबुर्गमध्ये १६०५ साली, म्हणजे बॉनिफेसनंतर साडेआठ शतकांनी, आढळते.

एकट्या वीराने सगळ्या मूर्तिपूजक प्रदेशाला सामोरे गेल्याचे चित्रही टिकत नाही. विलिबाल्डच सांगतो की हेसमधील पुष्कळ लोक आधीच ख्रिस्ती झाले होते आणि काही जण मात्र उघड किंवा लपून झाडांना व झऱ्यांना नैवेद्य दाखवत होते. शिवाय बॉनिफेसजवळ फ्रँक सत्ताधीश चार्ल्स मार्टेलचे संरक्षणपत्र होते. या राजाश्रयाशिवाय आपल्याला धर्मगुरूंचे रक्षण करता येणार नाही आणि मूर्तिपूजाही थांबवता येणार नाही, असे बॉनिफेसने इंग्लंडमधील विंचेस्टरचा बिशप डॅनियल याला स्वतःच कळवले आहे. इतकी स्पष्ट कबुली उपलब्ध असताना ती वगळणे मला अक्षम्य वाटते.

डॅनियलनेही त्याला मूर्तिपूजकांना त्यांच्या देवांच्या उत्पत्तीविषयी शांतपणे प्रश्न विचारावेत, अपमान करू नये, असा सल्ला दिला होता. बॉनिफेसचे पुढचे काम पाहिले तर त्यात वृक्षतोडीपेक्षा धर्मप्रांतांची उभारणी, ७४४ साली स्थापन झालेला फुल्डाचा मठ आणि ग्रंथांची सततची मागणी यांना कितीतरी अधिक जागा आहे. मठाध्यक्षा एडबर्गाला त्याने बायबलमधील संत पीटरची पत्रे सोन्याच्या अक्षरांत लिहून पाठवायला सांगितले, कारण ज्यांना उपदेश करायचा त्यांच्या मनात त्या ग्रंथाविषयी आदर निर्माण व्हावा, अशी त्याची इच्छा होती.