गोळा आवंढ्याला की घासाला?

गेल्या पंधरवड्यात चार पेशंटनी मला एकच मेसेज दाखवला. ‘घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं? घड्याळ लावा. ३० सेकंदांत तीनदा आवंढा गिळता आला नाही, तर अन्ननलिकेचा कॅन्सर समजा. आला, तर ॲसिडिटी आहे, दोन महिने गोळी घ्या. एंडोस्कोपी नॉर्मल निघाली, तर आजार मनाचा, दुर्लक्ष करा.’ मी नागपुरात गिळण्याच्या तक्रारींवर काम करते. हा मेसेज वाचून रात्रभर न झोपलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेते.

‘तीन आवंढे नाहीत, म्हणजे कॅन्सर.’ आवंढे मोजण्याची चाचणी खरी आहे, पण ती गिळण्याची क्रिया मंदावली आहे का, याचा पहिला अंदाज घेण्यासाठी. लकव्यानंतर वगैरे ती उपयोगी पडते. कॅन्सरबद्दल ती काहीच सांगत नाही. शिवाय तोंडात थुंकीच नसेल तर गिळणार काय? सर्दीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आपल्याकडच्या मे महिन्यात तर गोळ्यांचीही गरज नाही. आणि गोळा वाटणारा माणूस तो खाली जावा म्हणून दिवसभर कोरडे आवंढे गिळतच असतो. त्यानेच गोळा जास्त जाणवतो.

नागपुरातल्या महाल भागातून एक काकू आल्या होत्या. मोबाइलवर टायमर लावून बसलेल्या. ‘मॅडम, दोनच झाले जी,’ म्हणाल्या आणि डोळे भरून आले. मी त्यांच्या गळ्यावर चार बोटं ठेवली: पहिलं हनुवटीखाली, दुसरं त्याखालच्या हाडावर, उरलेली दोन स्वरयंत्रावर. आवंढ्याबरोबर स्वरयंत्र नीट वर चढत होतं. मग ९० मिली पाणी न थांबता प्यायला दिलं. ठसका नाही, पाण्यानंतर आवाज घरघरला नाही. डब्यात तर्री-पोहे आणायला सांगितले होते, तेही पूर्ण खाल्ले. ‘आता गोळा कुठं आहे?’ त्या थांबल्या. ‘खाताना नव्हता.’

घड्याळाआधी विचारायचा प्रश्न हाच आहे. गोळा नुसत्या आवंढ्याला जाणवतो आणि जेवताना विरतो, की घास खरोखर अडतो? पहिल्या प्रकारात बहुधा धोका नसतो. कान-नाक-घशाचे डॉक्टर मान चाचपतात, गरज वाटल्यास नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा बघतात. तिथे सगळं ठीक असेल आणि घास अडत नसेल, तर बेरियम पाजून एक्स-रे काढण्यातून सहसा काही हाती लागत नाही. घास अडत असेल, तर मात्र पुढच्या तपासण्या टाळायच्या नाहीत.

‘ॲसिडिटी आहे, गोळी घ्या.’ छातीत जळजळ होते, आंबट पाणी वर येतं, त्यांना डॉक्टरांनी दिलेल्या गोळीने आराम पडतो. पण नुसत्या घशाच्या तक्रारींवर ब्रिटनमध्ये ३४६ जणांवर चाचणी झाली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ॲसिड कमी करणारं लॅन्सोप्राझोल दिवसातून दोनदा, १६ आठवडे. औषध नसलेल्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही.

‘नॉर्मल, म्हणजे मनाचा आजार.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं. या त्रासाच्या जुन्या नावातच, ‘ग्लोबस हिस्टेरिकस’मध्ये, ‘हिस्टेरिया’ होता, १९६८ मध्ये डॉक्टर माल्कमसन यांनी तो काढून नावात घसा आणला. काळजीने गोळा वाढतो, हे खरं. आपलाही कंठ दाटून येतोच ना? म्हणून पेशंटला जे जाणवतं ते खोटं ठरत नाही. आणि पोटाच्या एंडोस्कोपीत नळी घशातून भरकन खाली जाते. ती नॉर्मल आली म्हणजे घसा नीट बघून झाला, असं होत नाही.

‘दुर्लक्ष करा’ हे शब्द खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाणाऱ्यांच्या गावात पाठवताना तर हात थरथरायला हवेत. गोळा एकाच बाजूला, गिळताना दुखणं किंवा कानात कळ, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, मानेत गाठ, थुंकीत रक्त, घटतं वजन: यातलं एकही असलं तर आवंढे मोजत बसू नका. नागपुरात असाल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची, नाहीतर जवळची कान-नाक-घशाची ओपीडी गाठा.

त्या चौघांतले एक काका खुशीत होते. ३० सेकंदांत पाच आवंढे. ‘मी तर पास आहे,’ म्हणाले. खर्रा वीस वर्षांपासून. मी जेवणाचं विचारलं, तर ‘सगळं खातो’. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, ‘पोळी वरणात कुस्करूनच खातात जी हे, दिवाळीपासून. तरी मधे मधे पाणी लागते.’ मी पाणीसुद्धा पाजून बघितलं नाही. चिठ्ठी लिहिली आणि त्याच सकाळी दोघांना रिक्षात बसवून दुर्बिणीच्या तपासणीला पाठवलं.