ब्लॅकजॅकचे ‘पाच खात्रीचे नियम’ किती महाग पडतात?

जोडून सुट्ट्या आल्या आणि गोव्याचं ठरलं की मित्रांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो : ‘ब्लॅकजॅक हा नशिबाचा नव्हे, मनाच्या ताकदीचा खेळ आहे. पाच नियम पाळा, कॅसिनो तुमचं काही वाकडं करू शकणार नाही.’ मग नियम. लागोपाठ हरलात तर पैज दुप्पट करत जा. पानांची बेरीज सोळा झाली की आणखी पान मागू नका. डीलरचा, म्हणजे कॅसिनोतर्फे पानं वाटून खेळणाऱ्याचा, एक्का दिसला आणि आपला हात चांगला असला की ‘इन्शुरन्स’ नावाची जादा पैज घ्या. शेवटच्या खुर्चीवर नवखा बसला असेल तर टेबल बदला. आणि जिंकलेले पैसे कॅसिनोचेच समजून बिनधास्त लावा.

मन आवरावं लागतं हे खरंच, म्हणून मेसेज पटतो. पण हे पाचही नियम मनाची नुसती समजूत घालतात, आणि त्या समजुतीचे पैसे टेबलावर वसूल होतात.

सोळाचंच घ्या. खेळ असा : पानांची बेरीज डीलरपेक्षा एकवीसच्या जवळ न्यायची, पण एकवीस ओलांडलं की तुम्ही ‘उडालात’, पैज गेली. चित्रांची पानं दहाची, एक्का एकाचा किंवा अकराचा. डीलरचं एक पान उघडं, एक झाकलेलं, आणि सतरा होईपर्यंत त्याला पानं घ्यावीच लागतात. तुमच्या हातात दश्शी आणि छक्की, डीलरची सत्ती उघडी. पान मागितलं तर छक्कीपासून राजापर्यंत काहीही आलं की तुम्ही उडालात, म्हणजे तेरातली आठ पानं तुमच्या विरोधात. घाबरायला पुरेसं कारण. पण थांबलात तर जिंकायचा एकच मार्ग उरतो, डीलरनं स्वतः उडायचं. सत्ती उघडी असताना तो शंभरात साधारण सव्वीस वेळा उडतो. उरलेल्या चौऱ्याहत्तर वेळा तो सतरा किंवा त्याच्या पुढे पोचतो आणि तुमचे सोळा तिथंच संपतात. ₹100 च्या पैजेवर थांबणाऱ्याचे सरासरी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस रुपये जातात, पान मागणाऱ्याचे एक्केचाळीसच्या आसपास. हात दोन्हीकडून भिकारच आहे, प्रश्न कमी हरण्याचा आहे. तरी माणूस थांबतो, कारण आपण मागितलेल्या पानानं उडालो की दोष आपला वाटतो. डीलरनं हरवलं तर नशिबाचा. हा हिशेब काही नवा नाही. रॉजर बाल्डविन आणि त्याच्या तीन साथीदारांनी, चौघंही अमेरिकी सैन्यातले, साध्या टेबलावरच्या गणनयंत्रांवर प्रत्येक हाताचा योग्य डाव काढून 1956 मध्ये छापलासुद्धा. डीलरची पंजी किंवा छक्की उघडी असेल तर सोळावर थांबणं बरोबरच आहे. मेसेजनं ती अट गाळली.

इन्शुरन्सचा नियम मात्र सगळ्यात लबाड. डीलर एक्का उघडतो, टेबलावर हात फिरवून विचारतो, ‘इन्शुरन्स?’ आणि नावामुळेच वाटतं की घेतलेला बरा. खरं तर ती वेगळीच पैज आहे : डीलरचं दुसरं पान दहाच्या मोलाचं निघेल की नाही. निघालं तर एकाला दोन मिळतात. दहाच्या मोलाची पानं म्हणजे दश्शी, गुलाम, राणी, राजा, तेरांत चार. तेरा वेळा ₹500 लावा : चार वेळा हजार मिळून चार हजार आले, नऊ वेळा पाचशे जाऊन साडेचार हजार गेले. तेरा वेळांत पाचशेचा खड्डा.

आता ‘आपला हात चांगला असला की’ ही अट बघा. तुमच्याकडे राजा-राणी, झकास वीस. पण मग दहाच्या मोलाची दोन पानं तुमच्याच हातात अडकली, डीलरला मिळायची शक्यता उलट घटली. एकाच डेकचा खेळ असेल तर उरलेल्या 49 पानांत अशी फक्त 14. आणि तुमचाच ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाच्या मोलाचं पान, असताना डीलर ‘इव्हन मनी’, म्हणजे झाकलेलं पान न बघताच पैजेएवढे पैसे, देऊ करतो, तेव्हा तर सगळं टेबल घे घे म्हणतं. हजाराच्या पैजेवर तेरा वेळा घेतलंत तर तेरा हजार. नाही म्हणालात तर चार वेळा डीलरचाही ब्लॅकजॅक म्हणून बरोबरी, नऊ वेळा दीडपटीनं दीड हजार, एकूण साडेतेरा हजार. खात्रीच्या रकमेसाठी माणूस कमी घ्यायला राजी होतो, ते हे असं. उरलेल्या पानांत दहाच्या मोलाची एक तृतीयांशाहून जास्त आहेत हे ज्याला पानं मोजून कळतं, त्यानं खुशाल इन्शुरन्स घ्यावा. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांत असा कोणी असेल असं मला वाटत नाही.

दुप्पट करायचं तर ₹500 पासून सुरू करा. बरोबरीचे हात सोडले तर सात हात लागोपाठ गेले की ₹63,500 गेले, आणि आठवी पैज ₹64,000 ची. तीही एकूण पाचशे कमवायला. बहुतेक टेबलांची कमाल मर्यादा त्याआधीच आडवी येते. सात हात लागोपाठ कुठे जातात, म्हणाल. एका रात्रीत दोनशे हात खेळणाऱ्याच्या वाट्याला असा पट्टा एकदा तरी यायची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. गणितज्ञ एडवर्ड थॉर्पनं 1962 मध्ये पैज वाढवायची रीत दाखवली खरी, पण ती शिल्लक पानांकडे बघून. आपण किती हरलो याची पानांना खबर नसते.

शेवटच्या खुर्चीचं काय? तिथला माणूस डीलरच्या अगदी आधी पान घेतो. डीलरची छक्की उघडी, त्या बिचाऱ्यानं बारावर पान मागितलं, राजा आला, तो उडाला. डीलरनं दुसरं पान उघडलं, दश्शी, सोळा. पुढचं पान पंजी, एकवीस. सगळं टेबल त्याच्याकडे खाऊ का गिळू नजरेनं बघतं : तू थांबला असतास तर राजा डीलरला गेला असता! असताच. पण पुढच्या डावात त्याच चुकीनं पंजी त्याच्याकडे जाऊन राजा डीलरकडे जातो, तेव्हा कोणी आभार मानत नाही. बारावर मागणं चूकच, पण पैसे त्याचे जातात. पुढची पानं कोणी बघितलेली नसतात, त्यामुळे त्यानं मागितलं काय, न मागितलं काय, तुमच्यासाठी दोन्ही सारखंच.

राहिले ‘कॅसिनोचे पैसे’. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन या संशोधकांनी 1990 मध्ये नेमकी हीच खोड दाखवली : नुकत्याच जिंकलेल्या पैशांवर माणूस जास्त धोका पत्करतो. चिप तुमच्यासमोर सरकवली की ती तुमची. काउंटरवर तिचे रुपये होतात, तेव्हा कुठली जिंकलेली आणि कुठली घरून आणलेली हे कोणी विचारत नाही.

एवढ्या मेसेजमध्ये ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे अवलंबून आहेत, त्याचा उल्लेखच नाही. ब्लॅकजॅक लागल्यावर टेबल दोनाला तीन देतं की पाचाला सहा? हजारावर दीड हजार की बाराशे? ब्लॅकजॅक साधारण एकवीस हातांत एकदा लागतो. योग्य डाव खेळणाऱ्याविरुद्ध चांगल्या नियमांच्या टेबलावर कॅसिनोची आघाडी, म्हणजे पैजेतला त्याचा सरासरी नफा, अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. पाचाला सहा देणाऱ्या टेबलावर त्यात जवळपास 1.4 टक्क्यांची भर पडते. हा दर बहुतेक वेळा टेबलाच्या कापडावरच छापलेला असतो. तो वाचायला मनाची कुठलीही ताकद लागत नाही, आणि पाचाला सहा दिसलं तर बसू नका.