घर एकट्या आरोपीचं नसतं

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या मराठी ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतोय: गुन्हेगाराचं घर पाडलं की लगेच न्याय होतो, कोर्टात वीस वर्षं जातात, घर तसंही बेकायदाच असतं, आणि सरळ माणसाला भ्यायचं कारण नाही. पाठवणारे काका माझ्या वडिलांचे स्नेही. तरी हे मला पटत नाही.

‘घर बेकायदाच असतं.’ काका, आपल्या गल्लीत किती घरं पास झालेल्या नकाशाबरहुकूम आहेत? आमची मागची गॅलरी आईने स्वयंपाकघरात घेतली. आज तिथे ओटा आहे, वर लोणच्याच्या बरण्या. परवानगी काढलेली नाही. तुमच्या गच्चीवरची पत्र्याची खोलीही तशीच. निगमने, म्हणजे महापालिकेने, नियमाने कारवाई केली तर तक्रार नाही. पण रात्री एफआयआर होतो, सकाळी निगमची रिमूव्हल गँग, म्हणजे पाडकाम करणारं पथक, त्याच एका दारात उभी राहते आणि शेजारच्या तशाच घरांना कुणी हात लावत नाही, तेव्हा ती शिक्षा बांधकामाची नसते. सुप्रीम कोर्टाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात हाच संशय बोलून दाखवला. न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी पद्धतच ठरवून दिली: किमान १५ दिवसांची नोटीस, सुनावणी, कारणं देऊन आदेश, त्यानंतर आणखी १५ दिवस, पाडकामाचं चित्रीकरण. हे डावललं तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. रस्ता, फुटपाथ, नदीपात्रातल्या अतिक्रमणांना ही सवलत नाही, त्यामुळे शहर अडून राहील ही भीतीही नको.

कोर्टात उशीर होतो, हे खरंच आहे आणि त्याचा मला संताप येतो. पण घर पाडल्याने खटला एका तारखेनेही पुढे सरकत नाही. फिर्यादीच्या पदरात काय पडतं? मातीचा ढीग.

राहिला सरळ माणूस. आरोपी कोठडीत असतो. रस्त्यावर येतात त्याची म्हातारी आई, बायको, शाळेत जाणारी मुलं. त्यांच्यावर तर आरोपही नसतो. पुढे तो निर्दोष सुटला तर भिंती कोण उभ्या करणार? कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता हिरावता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम ३००अ सांगतं. त्यात चांगल्या वागणुकीची अट नाही.

काका, तुमचा नातू त्या पत्र्याच्या खोलीत अभ्यासाला बसतो. उद्या त्याच्या वडिलांवर कुणी खोटी तक्रार केली, तर त्याला ते पंधरा दिवस मिळायलाच हवेत.