‘थेरपी म्हणजे पैसे देऊन मारलेल्या गप्पा’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर

सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या, भिशीच्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे. थोडक्यात असा: थेरपिस्ट म्हणजे पैसे घेऊन ऐकणारा माणूस. ज्याला चार जिवाभावाचे मित्र आणि बसायला कट्टा आहे, त्याला थेरपी कशाला? आपल्या आजी-आजोबांना कुठे डिप्रेशन होतं? ध्यान करा, मन खंबीर ठेवा. एकदा त्या दारात पाऊल ठेवलं की गोळ्या सुरू होतात आणि त्या जन्मभर सुटत नाहीत.

पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मला मान्य आहे. पण कसंबसं धाडस करून वेळ घेतलेला एखादा मुलगा हे वाचून जाणं रद्द करतो, आणि ते नुकसान खरं असतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ‘पैसे देऊन गप्पा’. गप्पा भरकटतात, त्यातच त्यांची मजा असते. थेरपीतलं बोलणं एका माणसाच्या त्रासाला बांधलेलं असतं. पहिल्या एक-दोन सेशनमध्ये त्रास कधीपासून आहे, झोप कशी आहे, घरात आणखी कुणाला होता का, जीव द्यावासा वाटतो का, हे सगळं स्पष्ट विचारतात. मग नेमकं काय बदलायचं ते दोघं मिळून ठरवतात. पुढची वाट पद्धतीनुसार वेगळी. काही थेरपिस्ट लहानपणापासूनच्या नात्यांचे धागे उलगडतात, काही अख्ख्या कुटुंबाला समोर बसवतात. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास आणि एरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या पद्धती विचारांवर काम करतात. एलिस यांची पद्धत कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. यात घरी करायचा अभ्यास असतो. साहेबांनी मेसेजला उत्तर दिलं नाही, ‘आता मला काढणार’ असं मनात आलं, छाती धडधडली. हे वहीत लिहायचं, शेजारी त्या विचाराच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा लिहायचा, आणि पुढच्या वेळी ती वही समोर ठेवायची.

याचा गुण येतो का? शेजारच्या गोव्यातलंच उदाहरण घ्या. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ सेशन घेतली. भर एका गोष्टीवर होता: माणसाने सोडून दिलेली कामं, भेटीगाठी हळूहळू पुन्हा सुरू करणं. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं. ज्यांना केंद्रातले नेहमीचेच उपचार जरा नीट करून दिले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. हे समुपदेशक मोठे डॉक्टर नव्हते. त्यांच्याकडे ठरलेली पद्धत होती आणि कामावर देखरेख होती.

आता ‘मित्र असले की झालं’. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण माझ्या दादाला ओसीडी आहे, म्हणजे नको असलेली शंका पुन्हा पुन्हा मनात येऊन तीच खात्री पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार. (त्याला विचारूनच लिहिते आहे.) गॅस बंद केला की नाही, या शंकेने तो सिंहगड रोडने ऑफिसला जाताना राजाराम पुलावरून स्कूटर वळवून घरी यायचा. मग फोन सुरू झाले. ‘आई, नॉब बघ ना.’ आई ओट्यापाशी जाऊन बघायची, ‘बंद आहे रे’ म्हणायची. पाच मिनिटांत पुन्हा फोन. त्याचा मित्रही जिवाला जीव देणारा. खात्री करायला त्याच्याबरोबर जिने चढून यायचा. आमच्यापैकी कुणी प्रेमात कमी पडलं नाही, आणि आजार वाढत गेला.

असं का झालं, ते थेरपिस्टने समजावलं. प्रत्येक ‘बंद आहे’ने भीती क्षणभर उतरते आणि मन शिकतं की भीती फक्त विचारूनच उतरते. म्हणून उपचार उलटे: नॉब एकदा फिरवायचा, निघायचं, फोन करायचा नाही, भीती आपणहून उतरेपर्यंत ती सोसायची आणि ० ते १०० मध्ये किती होती ते लिहायचं. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली अशा पद्धतीने बरे झालेले रुग्ण नोंदवले. पुढे ओसीडीवरचा हा मुख्य उपचार झाला. आईला एकच वाक्य दिलं होतं: ‘याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय.’ फोनवर ते म्हणताना तिचा आवाज कापायचा. हे कुठल्या कट्ट्यावर, कुठल्या जिवलग मित्राला सुचलं असतं? मित्र हवेतच, फार हवेत. पण मित्राचं काम धीर देण्याचं, आणि इथे नेमका तोच धीर आजाराला खतपाणी घालत होता.

आजी-आजोबांना डिप्रेशन नव्हतं, हे चूक आहे. येरवड्याचं मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळातलं आहे. आणि प्रत्येक घराण्यात एक काका ‘विक्षिप्त’ असायचे, एक आत्या वर्षानुवर्षं माजघरातून बाहेर यायची नाही.

ध्यानाला माझा विरोध नाही. नैराश्य उलटू नये म्हणून वापरायच्या एका थेरपीत ध्यानाचा सराव आहेच. पण ऐन आजारात एकट्याने तासन्‌तास मनाकडे बघत बसणं काहींना झेपत नाही. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराची माहिती विचारतात, ती उगीच नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. गोळ्या तो देतो. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक गोळ्या लिहून देऊ शकत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नंबर बेधडक विचारा. वीकेंडच्या कोर्सवर ‘लाइफ कोच’ झालेला माणूस यातला कुणीच नव्हे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांत गोळ्यांना पर्याय नाही, बोलणं त्यांच्या जोडीला. नैराश्याच्या बहुतेक गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, मात्र त्या डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायच्या. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, म्हणून त्या मनाने मेडिकलमधून आणून घेऊ नयेत.

मजकुरातला एकच शब्द मला खोडता येत नाही: पैसे. खासगी थेरपीची फी अनेक घरांना दर आठवड्याला परवडत नाही, आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांचा हक्क दिला असला तरी सरकारी दवाखान्यात निवांत तासभर बोलायला माणूस मिळणं कठीण आहे. राग धरायचा तर यावर धरा. तोवर ससूनमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, विनाशुल्क चालतो. मराठीतही बोलता येतं. तो मजकूर जिथे जिथे पाठवलात, तिथे हा नंबरही पाठवा.