निनावी महोदय, देव्हारा आमच्याही घरात होता

निनावी महोदय,

'मालिकेतला नास्तिक शेवटच्या भागापर्यंत का टिकत नाही?' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. आधी चूक कबूल करतो. 'जय मल्हार' ही खंडोबावरची मालिका २०१४ साली सुरू झाली, मी २०१३ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. पण तेवढ्यावरून "एकही भाग न बघता लिहिणारे" हे बिरुद? आणि पुढे तीन-तीन उद्गारचिन्हं?

"ज्यांच्या घरी देव्हारा नाही त्यांना श्रद्धा काय कळणार," म्हणे. आता ऐकाच. खंडोबा आमचं कुलदैवत. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की तळी उचलायची. ताम्हणात भंडारा, खोबऱ्याच्या वाट्या, विड्याची पानं. धाकटे काका ऐन तिशीत गेले, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. वडिलांनी ताम्हणाला हात लावला, तिन्ही वेळा उचललं, पण 'यळकोट यळकोट'ला तोंड उघडलं नाही. आजीनं पाहिलं. बोलली काहीच नाही. त्यांच्या कपाळाला भंडारा लावताना अंगठा मात्र जरा जास्तच वेळ टेकवला. वडील पुढे दरवर्षी तसेच मुकाट तळी उचलत राहिले. ना त्यांना साक्षात्कार झाला, ना घरावर कोप.

हे कुठल्या मालिकेत पाहिलंत, सांगा. तिथं देव न मानणारा म्हणजे एक तर माजलेला सावकार, नाहीतर शहरात शिकून आलेला पोरगा. घरात कुणी आजारी पडलं, अंगारा लागला, की पार्श्वसंगीतासकट लोटांगण!

'तू माझा सांगाती' मालिकेतली तुकोबांची बायको आवली विठ्ठलाला शिव्या घालते, हा तुमचा हुकमी एक्का. घालते की. पण ज्याच्याशी भांडतेय तो आहे, याबद्दल तिला कुठं शंका आहे? (खुद्द तुकोबांनी एका अभंगात आपल्या लेखी देव मेला म्हणून टाकलंय. त्यावर कुठली वाहिनी आठवडाभर रेंगाळेल?)

टीआरपी, १९८७ चं 'रामायण', "लोकांना हवं तेच दाखवतात" वगैरे मुद्द्यांवर सवडीनं बोलू. त्यात नवीन काही नाही.

आणि 'दादा' म्हणून सुरुवात करून चौथ्या ओळीत 'अरे'वर घसरलात, ते मात्र आवडलं नाही. पुढच्या वेळी नाव लिहा, मग खुशाल अरे-तुरे करा.