लसीकाग्रंथींचे अस्तर : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

लसीकाग्रंथींतील (काख, जांघ, मान इथल्या लिम्फ नोड्समधील) वाहिन्यांच्या अस्तरावर मी लिहिलेल्या लेखाखाली आपण दिलेली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की लसीकावाहिन्या म्हणजे द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या, रोगप्रतिकाराचे निर्णय टी-पेशी (परके ओळखून प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि डेंड्रिटिक पेशी (परक्याचे अंश ग्रंथीत आणून टी-पेशींना दाखवणाऱ्या) घेतात, मी दिलेला पुरावा उंदरांवरचा आहे, लेख लांबला आहे, आणि ‘नळीला अक्कल चिकटवण्याचा उद्योग निवृत्त प्राध्यापिकांना फावल्या वेळात बरा जमतो’. यातले शेवटचे वाक्य मतभेदाचे नाही. आपला मुद्दा पुरेसा आहे असा ज्याला विश्वास असतो तो समोरच्या व्यक्तीचे वय आणि फावला वेळ मध्ये आणत नाही. पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ऊतिशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली आहे. लसीकाग्रंथीची काचपट्टी हातात धरून पुढे डॉक्टर झालेली माझी मुले-मुली या शहरात गल्लोगल्ली सापडतील, तेव्हा निदान ‘उद्योग’ हा शब्द आपण वापरायला नको होता.

आता आपल्या नळीकडे येते. ग्रंथीच्या कवचाखाली एक अरुंद पोकळी असते. ऊतींमधून आलेला द्रव, म्हणजे लसीका (लिम्फ), प्रथम तिथे उतरतो. या पोकळीच्या छताला आणि तळाला अस्तर आहे, आणि नेहमीच्या हेमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या रंगात दोन्हीकडच्या पेशी सारख्याच चपट्या दिसतात, त्यामुळे जुनी पाठ्यपुस्तके त्यांना एका वाक्यात निकालात काढत. प्रत्यक्षात त्या सारख्या नाहीत. ग्रंथीच्या आतल्या भागात सीसीएल-२१ नावाचे रासायनिक संकेतद्रव्य तयार होते, आणि ज्या डेंड्रिटिक पेशींवर सीसीआर-७ हा ग्राही (संकेतद्रव्य पकडणारे प्रथिन) असतो त्या त्याच्या वाढत्या प्रमाणाच्या दिशेने सरकतात. मात्र हे द्रव्य पोकळीतही तितकेच साठले, तर दिशा म्हणून काही उरतच नाही. छताच्या पेशींवर एसीकेआर-४ हा ग्राही असतो, तो सीसीएल-२१ धरून पेशीच्या आत ओढतो आणि नष्ट करतो. तळाच्या पेशींवर तो नसतो. पोकळीत कमी आणि आत जास्त हा चढ त्यामुळे टिकतो, म्हणजेच डेंड्रिटिक पेशीला आतली वाट दाखवण्याचे काम हे छत करते. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले काम आहे आणि माझ्या लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात होते. आपण तिथपर्यंत पोहोचला होतात की नाही, याविषयी मला शंका आहे.

एवढ्यावर हे थांबत नाही. टायरोसिनेज हे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींमधले विकर (एन्झाइम). ग्रंथीतल्या लसीकावाहिन्यांच्या अस्तरपेशी त्याचे अंश आपल्या पृष्ठभागावर मांडतात, आणि ते ओळखणाऱ्या सीडी-८ टी-पेशींना (लक्ष्य पेशी मारणाऱ्या टी-पेशींना) आवश्यक ते उत्तेजन न देता पीडी-एल१चा रोधक संकेत देतात, त्यामुळे त्या टी-पेशी नाहीशा होतात. आपल्याच त्वचेवर हल्ला करू शकणाऱ्या पेशींचा असा बंदोबस्त जी पेशी करते, तिला निव्वळ नळीची भिंत कसे म्हणायचे? शिवाय दाह भडकलेला असताना याच अस्तरपेशी नायट्रिक ऑक्साइड सोडून टी-पेशींच्या विभाजनाला लगाम घालतात, आणि लसीकरणानंतर प्रतिजनाचे (लसीतल्या प्रतिकार जागवणाऱ्या द्रव्याचे) अंश काही आठवडे स्वतःत साठवून ठेवतात.

उंदरांच्या आक्षेपाबद्दल : कोणता निष्कर्ष उंदरांवरचा आहे याचा उल्लेख मी लेखात एकदाच केला होता, तो प्रत्येक ठिकाणी केला असता तर अधिक बरे झाले असते, हे मी मोकळेपणाने मान्य करते. परंतु २०१९ मध्ये माणसाच्या लसीकाग्रंथींतील एकेका पेशीचा जनुकीय आलेख वाचून या अस्तराचे सहा प्रकार वेगळे काढले गेले, आणि छत व तळ हा भेद तिथेही आढळला. फिंगोलिमॉडचे उदाहरणही आहेच. बहुविध काठिण्य (मल्टिपल स्क्लेरोसिस) या आजारासाठी अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळालेले हे औषध टी-पेशींवरचा, एस१पी या बाहेर बोलावणाऱ्या संकेतद्रव्याचा ग्राही निकामी करते, आणि त्या पेशी ग्रंथींतून बाहेर पडू शकत नाहीत. लसीकेतला हा एस१पी संकेत मुख्यतः कोण पुरवते? तेच अस्तर. औषध घेणारी माणसे आहेत, उंदीर नव्हेत.

लेख लांबला, असे आपले म्हणणे. असेल. हा विषय तीन ओळींत मावत नाही.

आणखी एक सांगते, कारण आपण ‘नळ्या’ हा शब्द फार सहज लिहिलात. स्तनाच्या कर्करोगासाठी माझ्या आईच्या काखेतील लसीकाग्रंथी काढल्या होत्या. हात सुजला, हे कोणालाही नळी तुंबली म्हणून समजावता आले असते. परंतु त्या हाताला साधे खरचटले, तरी लाली चढत जायची, थंडी वाजून ताप यायचा आणि प्रतिजैविके सुरू करावी लागायची. दुसऱ्या हाताला तसेच खरचटले, तर काहीही होत नसे. द्रवाचा निचरा आणि प्रतिकार या दोन वेगळ्या खात्यांतल्या गोष्टी नाहीत, हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिले आहे. आपल्या पायाला ठेच लागून जांघेत अवधाण आले असेल, तर आपणही ते अनुभवले आहे.

टी-पेशी आणि डेंड्रिटिक पेशी यांचे महत्त्व मी कुठेही नाकारलेले नाही, ते नाकारल्याचा आरोप आपण माझ्या तोंडी घातला आहे. माझा दावा एवढाच, की त्या पेशी कुठे जातील, किती काळ टिकतील आणि केव्हा बाहेर पडतील, हे ठरवण्यात अस्तराचा प्रत्यक्ष हात आहे. ज्या उंदरांमध्ये एसीकेआर-४ नसतो, त्यांच्यात सीसीएल-२१चा तो चढ मोडतो, आणि डेंड्रिटिक पेशींना पोकळीतून ग्रंथीच्या आत शिरणे अवघड जाते. हा परिणाम केवळ टी-पेशी आणि डेंड्रिटिक पेशींच्या आधारे, अस्तराला बाजूला ठेवून, समजावून देता येत असेल, तर आपण तो सविस्तर लिहून पाठवावा. मी तो एक शब्दही न कापता इथे छापेन.