विद्यापीठातील श्रद्धा आणि नकार देण्याची मुभा

अमेरिकेतल्या ज्या सरकारी विद्यापीठात मी शिकवतो, तिथे महिन्यातून एकदा दुपारच्या सुट्टीत काही ख्रिस्ती प्राध्यापक एकत्र बसतात. अभियांत्रिकी, रसायनशास्त्र, इतिहास, परिचर्या अशा निरनिराळ्या विभागांतले हे सहकारी आपापला डबा घेऊन येतात, बायबलमधला एखादा उतारा वाचतात आणि आपली श्रद्धा व आपले अध्यापन यांचा काय संबंध आहे, यावर तासभर बोलतात. खोली विद्यापीठाचीच असते. बुद्धिबळ मंडळाला किंवा निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघाला ती जशी आगाऊ नोंदणी करून मिळते, तशीच यांनाही मिळते. मी ख्रिस्ती नाही. एका सहकाऱ्याच्या आमंत्रणावरून अधूनमधून जातो आणि बहुतेक वेळ ऐकतो.

महाराष्ट्रातल्या मित्रांना हे सांगितले की दोन तऱ्हेची प्रतिक्रिया येते. काहींना धक्का बसतो: सरकारी पैशावर चालणाऱ्या धर्मनिरपेक्ष विद्यापीठात हे चालते कसे? इतरांना आनंद होतो: तिकडे कोणी आपला धर्म लपवत नाही, मग इकडे महाविद्यालयात सत्यनारायण घातला तर ओरड कशाला? दोन्ही प्रतिक्रियांत एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे धर्म आवारात यावा की येऊ नये. इतकी वर्षे दोन्हीकडचे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की खरा प्रश्न वेगळा आहे. ज्याला त्या धर्माशी काही देणेघेणे नाही, त्याला काहीही न गमावता दूर राहता येते का, हे पाहायला हवे.

अमेरिकेतला कायदा या प्रश्नाभोवतीच घडत गेला आहे. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सरकारला धर्म प्रस्थापित करण्यास मनाई केली आणि त्याच वाक्यात नागरिकाच्या धर्माचरणात हस्तक्षेप करण्यासही मनाई केली. विद्यापीठांनी यातला पहिला भाग धरून धार्मिक गटांना दारे बंद करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा १९८१ मध्ये मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील विद्यार्थ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इतर विद्यार्थी गटांना खुल्या असलेल्या जागा केवळ धार्मिक गट म्हणून नाकारता येणार नाहीत. मात्र दहा वर्षांनी, १९९१ मध्ये, दुसऱ्या एका खटल्याचा निकाल संघराज्याच्या अपील न्यायालयाने दिला, आणि माझ्या मते प्राध्यापकांच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. अलाबामा विद्यापीठात व्यायामशरीरशास्त्र शिकवणारे प्रा. फिलिप बिशप वर्गात आपल्या श्रद्धेबद्दल बोलत असत, आणि मानवी शरीरात ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे कसे दिसतात, यावर त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक ऐच्छिक व्याख्यान ठेवले होते. उपस्थितीची सक्ती नव्हती. तरीही विद्यापीठाने हे थांबवायला सांगितले, आणि न्यायालयाने विद्यापीठाची बाजू उचलून धरली. ज्या माणसाच्या हातात आपले गुण आहेत त्याने ‘यायचे तर या’ असे म्हटले, तर त्या ‘यायचे तर’मध्ये किती स्वातंत्र्य उरते, हा प्रश्न कोणत्याही शिक्षकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

आमच्या विद्यापीठातल्या बैठकीत हा प्रश्न वारंवार निघतो, आणि तो निघतो म्हणूनच मला त्या बैठकीबद्दल आदर आहे. एकदा परिचर्येच्या एका प्राध्यापिकेने विचारले, की वडील गेल्याचे सांगायला एखादी विद्यार्थिनी माझ्या खोलीत रडत आली, तर मी तिच्यासाठी प्रार्थना करीन असे तिला सांगावे का? कोणी म्हणाले, दुःखातल्या माणसाला आधार देताना कायद्याचा हिशेब करू नये. त्यावर इतिहासाच्या वयस्कर प्राध्यापकांनी उत्तर दिले की तिने मागितली तर जरूर सांगा, न मागितल्यास घरी जाऊन मनात करा. तुमच्या प्रार्थनेला तिच्या परवानगीची गरज नाही, पण तुमच्या शब्दांना आहे. दुसऱ्या एका वेळी एका विभागप्रमुखांनी सांगितले की आपल्या विभागातल्या कनिष्ठ सहकाऱ्यांना ते या बैठकीचे आमंत्रण देत नाहीत, कारण त्यांच्या कायम नेमणुकीची शिफारस आपल्याच सहीने पुढे जाते. त्यातला एक तरुण स्वतःहून येऊ लागला, तेव्हा प्रमुखांनी स्वतः येणे थांबवले. त्या बैठकीची त्यांना किती ओढ होती, हे मला माहीत आहे, म्हणून ही गोष्ट मला मोठी वाटते.

बाकीची चर्चा कधी शास्त्राची असते, कधी अगदी रोजच्या कामाची. उत्तरपत्रिका तपासताना न्याय आणि दया यांचा मेळ कसा घालावा, विश्रांतीचा दिवस मानणाऱ्याने रविवारी विद्यार्थ्यांच्या ईमेलना उत्तरे द्यावीत का, संशोधनाचे अनुदान मिळवण्याच्या धडपडीत नम्रता टिकते का. हे प्रश्न ख्रिस्ती नसलेल्या शिक्षकालाही पडतात, पण ते मोकळेपणाने बोलायला विद्यापीठात दुसरी जागा जवळजवळ नाही.

तरीही इथले सगळे घेण्यासारखे आहे, असे मी म्हणणार नाही. या मंडळींपैकी काहींना आपण वेढले गेलो आहोत असे वाटते. त्यात काही तथ्य आहे: मानवी जनुकसंच प्रकल्पाचे नेतृत्व केलेले फ्रान्सिस कॉलिन्स यांची २००९ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या प्रमुखपदी निवड झाली, तेव्हा त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेवरून त्यांच्या वैज्ञानिक निष्ठेबद्दल जाहीर शंका घेतल्या गेल्या. पण नाताळची सुट्टी साऱ्या देशाला मिळते आणि संसदेचे कामकाज प्रार्थनेने सुरू होते, अशा देशात बहुसंख्यांच्या श्रद्धेला वेढा पडला आहे, हे मला पटत नाही. शिवाय या बैठकीत निर्धास्तपणे बोलणारे बहुतेक जण कायम नेमणुकीचे आहेत. सत्रागणिक करारावर शिकवणारे क्वचित येतात. एच-वन-बी व्हिसावर असलेला एखादा मुस्लिम प्राध्यापक अशीच खोली नोंदवून कुराणावर चर्चा ठेवू शकतो, नियम त्याला अडवणार नाही. पण इतक्याच सहजपणे तो ती ठेवील का, याचे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते सुखावणारे नाही.

आता आपल्याकडे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. म्हणजे नकाराचा अधिकार आपल्या घटनेत स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. व्यवहारात काय होते, ते महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पूजेला प्राचार्य सपत्नीक बसतात, वर्गणीची यादी शिपायाकडून फिरते, आणि तासिका तत्त्वावर काम करणारा प्राध्यापक, ज्याची नेमणूक पुढच्या वर्षी होईल की नाही हेही ठरलेले नसते, तो यादीत आपले नाव घालतो. तो बौद्ध असो, नास्तिक असो की मुसलमान असो, त्याला कोणी सक्ती केलेली नसते, आणि तरी त्याला नाही म्हणता येत नाही. नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या शिक्षकाला वेतनश्रेणीचा लाभ नाकारला गेला. त्याला हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही, हे २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले. हा अधिकार मिळवायला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागत असेल, तर बहुतेक शिक्षक हात जोडून मोकळे होतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

याच्या उलट, आपल्याकडच्या चार-पाच ख्रिस्ती प्राध्यापकांनी एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी, महाविद्यालय सुटल्यावर, रिकाम्या वर्गात बसून आपल्या श्रद्धेवर बोलायचे ठरवले, तर पहिला संशय धर्मांतराचा येईल. उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा आयुष्यभर मराठीत लिहिणाऱ्या माणसाला केवळ धर्मगुरू म्हणून विरोध झाला होता. संशय इतका हाताशी असतो. मला याचे वाईट वाटते, कारण आपली परंपरा अशी कोती नव्हती. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत आणि प्रार्थना समाजात उपासना चालवत. गुरुदेव रा. द. रानडे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत, आणि उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचे शिष्य, स्वतः नामसाधनेत मुरलेले, म्हणूनही सर्वांना ठाऊक होते. विद्वत्ता आणि श्रद्धा एका माणसात नांदू शकतात, याचे दाखले आपल्याला अमेरिकेतून आणण्याची गरज नाही.

अमेरिकेकडून घ्यायचा तो अधिकाराबद्दलचा काटेकोरपणा. आपल्या विद्यापीठांनी एक साधा नियम करावा, असे मला वाटते. शिक्षकांच्या कोणत्याही गटाला, मग तो वारकरी असो, ख्रिस्ती असो, बौद्ध असो की विवेकवादी, कामाचे तास संपल्यावर खोली मिळावी आणि ती सर्वांना सारख्याच अर्जावर मिळावी. संस्थेच्या नावाने आणि प्राचार्यांच्या हस्ते पूजा होऊ नये, कोणत्याही धर्माची. वर्गणीची यादी कार्यालयातून फिरू नये. ज्याच्या सहीने दुसऱ्याची नेमणूक, बढती किंवा गुण ठरतात, त्याने अशा बैठकीला त्या व्यक्तीला स्वतःहून बोलावू नये. हा नियम झाला तर सत्यनारायणाची परंपरा जपू इच्छिणाऱ्या सहकाऱ्यांचे काही जात नाही. संध्याकाळी त्याच खोलीत ते पूजा घालू शकतात, आणि तेव्हा प्रसादाला कोण आले हे प्राचार्यांना कळण्याचे कारण उरत नाही.